यंत्राची चाल, खाली माझं नाव

अर्धमात्रा

बरेच दिवस इथे नुसता वाचतो आहे. आज धागा काढायचं कारण जरा अडचणीचं आहे, म्हणून आधीच सांगतो: शाबासकी नको, शिव्या चालतील.

मी हौशी संगीतकार. पोटापाण्याची नोकरी वेगळी. लघुपट, एकांकिका, कुणाचा माहितीपट, असं काही आलं की पार्श्वसंगीत करून देतो. मध्यंतरी एका मैत्रिणीच्या माहितीपटाचं काम घेतलं. बाकी सगळं झालं, शेवटच्या प्रसंगाला चाळीस सेकंदांचा तुकडा राहिला. एक म्हातारी दार लावून घेते आणि पडदा काळा होतो, एवढंच. तीन रात्री कीबोर्डवर बसलो. जे सुचे ते माझ्याच आधीच्या दोन कामांसारखं. चौथ्या रात्री एआयच्या एका साधनात दोन ओळी टाइप केल्या: सारंगी, संथ, तालाशिवाय, शेवट अर्धवट सोडलेला. मिनिटभरात दोन तुकडे आले. पहिला टाकाऊ होता. दुसरा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवले. अठराव्या सेकंदाला सारंगी वरून खाली उतरत येते, आता षड्जावर, म्हणजे सा वर, टेकणार म्हणून आपण श्वास धरून बसतो, आणि ती टेकतच नाही. तिथेच लोंबकळत राहते. मला ते सुचलं नसतं. खोटं कशाला बोलू.

लावला तो तुकडा. आवाजाची पातळी जुळवली, थोडी घुमारी वाढवली, सुरुवातीचे तीन सेकंद कापले. मैत्रिणीला दाखवला तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम." मी म्हणालो, "हो, जमलं खरं."

श्रेयनामावलीत 'संगीत' या शब्दापुढे माझं एकट्याचं नाव आहे. साधनाच्या अटींप्रमाणे पैसे भरलेल्या माणसाला तुकडा कुठेही वापरता येतो, म्हणजे कागदोपत्री मी साव. तरी तीन आठवडे झाले, तो माहितीपट मी पुन्हा लावलेला नाही. मी नक्की काय केलंय, ते कुणी तरी सरळ सांगा.

साधा_श्रोता

डोळ्यांत पाणी आलं ना? मग विषय संपला. ऐकणाऱ्याच्या कानाला चाल कुठून आली याच्याशी काय देणंघेणं?

आणि तुम्ही एकटेच पापी असल्यासारखं लिहिलंय. चित्रपटसंगीतात संयोजकांनी रचलेले मधले तुकडे, वादकांनी जागच्या जागी सुचवलेल्या हरकती, हे सगळं एकाच नावाखाली गेलं की नाही? तेव्हा कुणाची झोप उडाली नव्हती.

चौदा_वर्षं_व्हायोलिन

@साधा_श्रोता, झोप उडाली होती. ज्यांची उडाली त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यांतलाच एक मी. पण संयोजकाला निदान त्या दिवसाचं पाकीट मिळायचं. पुढच्या कामाला बोलावणं यायचं, स्टुडिओत चहा पिताना चार माणसं म्हणायची की ती जागा याची आहे. पडद्यावर नाव नसलं तरी धंद्यात नाव असायचं.

आता माझी गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी एका ठिकाणी 'नमुन्यांसाठी' वाजवायला बोलावलं. गाणं नाही, चाल नाही. एकेक स्वर, सगळ्या पट्ट्यांत, हळू, जोरात, गज अर्धा, गज पूर्ण, कंप असलेला, नसलेला. दिवसभर तेच. पैसे नेहमीच्या दुप्पट, म्हणून खुशीत होतो. कागदावर सही केली. त्यात 'सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या कोणत्याही तंत्रासाठी' असं एक वाक्य होतं, ते घरी आल्यावर वाचलं. डेमोची कामं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डिंगच्या आधी निर्मात्याला ऐकवायला केलेला कच्चा तुकडा, ही माझी महिन्याची भाकरी होती. ती आता जवळजवळ बंद आहेत. फोन करून विचारलं तर एक जण हसत म्हणाला, "अहो, तुम्हीच वाजवताय की."

अर्धमात्रा, तुमच्यावर राग नाही. पण 'कुणाचं काय गेलं' असं कुणी लिहायच्या आधी हे इथे असू दे.

कोडगा

मी प्रोग्रॅमर. टोपणनाव कोडवरून घेतलंय, स्वभावावरून नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. ही साधनं गाण्यांचे तुकडे साठवून चिकटवत नाहीत, हा पहिला गैरसमज. आवाज आधी दाबून छोट्या छोट्या खुणांमध्ये बदलतात, आणि प्रचंड संगीत ऐकवून त्या खुणांमागून कोणत्या खुणा येतात याचा अंदाज बांधायला मॉडेलला शिकवतात. काही मॉडेलं नुसत्या खरखरीतून हळूहळू स्वर कोरून काढतात. दोन्हीकडे शेवटी उरतात ते आकडे, गाणी नाहीत. म्हणून 'तुमच्या तुकड्यातली सारंगी कुणाची' याचं उत्तर कंपनीलाही देता येत नाही. पण याचा अर्थ नक्कल कधीच होत नाही असाही नाही. एखादी गोष्ट शिकवणीत फार वेळा आली की मॉडेल ती पाठ करतं आणि जशीच्या तशी ओकतं.

खरा प्रश्न शिकवणीत काय घातलं हा आहे. २०२४ च्या जूनमध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआय संगीताच्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. सुनोनं ऑगस्टमध्ये कोर्टात उत्तर दिलं, त्यात सरळ मान्य केलं की इंटरनेटवर उघड मिळणारं बऱ्या दर्जाचं जवळपास सगळं संगीत शिकवणीत आहे, काही कोटी रेकॉर्डिंग. आणि हा फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, आहे, असा त्यांचा बचाव. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात युनिव्हर्सलनं युडिओशी, नोव्हेंबरात वॉर्नरनं दोघांशीही तडजोड केली. कालपर्यंत जे 'शिकणं' होतं त्याचा आज परवाना निघतोय. यावरून काय ते समजा.

'परवाने घेत बसलो तर मॉडेल बनणारच नाही' हेही खरं नाही. मेटानं २०२३ मध्ये काढलेलं म्युझिकजेन हे संगीत बनवणारं मॉडेल परवाना घेतलेल्या वीस हजार तासांच्या संगीतावर शिकवलेलं होतं. जमतं. महाग पडतं, एवढंच.

मुक्काम_पोस्ट_मध्यम

पण माणूसही ऐकूनच शिकतो की! मी चाळीस वर्षं रेडिओ ऐकला, त्यातून माझा कान झाला. मी कुणाला रॉयल्टी दिली? मग यंत्रानं ऐकलं तर चोरी कशी?

खर्ज

@मुक्काम_पोस्ट_मध्यम, हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी निम्मा बरोबर असतो.

ऐकून शिकतो हे खरंच. पण मी एखादी जागा कुणाची उचलली ते मला माहीत असतं, आणि समोर जाणकार बसले असतील तर त्यांनाही कळतं. तिथल्या तिथे मान हलते, किंवा हलत नाही. उचलण्याला साक्षीदार असतात. शिवाय ती जागा माझ्या गळ्यात बसायला दोन वर्षं जातात, आणि बसते तेव्हा ती थोडी वाकडी झालेली असते, कारण माझा गळा वेगळा. त्या वाकडेपणातच माझं जे काही असेल ते. आणि शिकून तयार झालेला मी म्हणजे आणखी एकच गवई, दुसऱ्याच्या मैफिलीला तिकीट काढून जाणारा. माझ्यामुळे माझ्या गुरूंची कार्यक्रमाची तारीख गेली नाही. चौदा_वर्षं_व्हायोलिन यांची गेली.

आता जरा गमतीचं. मीही हात धुऊन घेतले. यमन मागितला. पहिलं आवर्तन ठीक. यमनात मध्यम तीव्रच हवा, दुसऱ्यात साहेबांनी बिनधास्त शुद्ध मध्यम लावला, तोही यमन कल्याणात येतो तसा दोन गंधारांच्या मध्ये हळूच नव्हे, तर थेट त्यावर मुक्काम. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, ही त्याला घसरगुंडी वाटते, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच वेगानं. शिकवणीत कुठलं संगीत जास्त आणि कुठलं नावापुरतं, हे कानाला लगेच कळतं. उद्या पोरांनी यमन म्हणून हाच ऐकला तर? माझ्या लेखी नैतिक प्रश्न नंबर एक हा आहे, पण मी अल्पमतात असणार हे माहीत आहे.

ओवी

मी इथे फारशी लिहीत नाही. सगळे चोरी-चोरी म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मी तीस वर्षं गीतं लिहिते. दोन वह्या भरल्या आहेत. चाल लावून द्या म्हणून किती जणांच्या मागे लागले त्याचा हिशेब नाही. कुणी "बघू", कुणी "आजकाल हे चालत नाही". गेल्या वर्षी भाच्यानं माझं एक गाणं त्या यंत्रात टाकलं आणि माझा शब्द पहिल्यांदा सुरात ऐकला. मी रडले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग दुसऱ्यांदा ऐकलं. यंत्रातल्या बाईनं 'चांदणं' मधला 'चा' चहातल्यासारखा म्हटला! 'जुई'चंही तेच, 'जीव'मधला 'ज' लावून. सात वेळा पुन्हा बनवलं, 'त्सांदणं' असंही लिहून पाहिलं, तर बाई खरंच 'त', 'स' सुटे करून म्हणाली. शेवटी तो शब्दच बदलून 'टिपूर' केलं. नंतर लक्षात आलं की मी यंत्राच्या जिभेला सोसेल तसं मराठी लिहायला लागले आहे. त्या दिवशी बंद केलं.

पण एक विचारते. मला चाल कोण लावून देणार होतं? ज्यांचं काम गेलं म्हणता, त्यांनी माझं काम कधी घेतलंच नव्हतं.

चौदा_वर्षं_व्हायोलिन

ओवीताई, हे बरोबर लागलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. निरोपात वहीतलं एक गाणं पाठवा. मी संगीतकार नाही, पण प्रयत्न करतो. चांदणं चांदणंच राहील.

जुनी_तबकडी

थोडा इतिहास, कारण प्रत्येक पिढीला वाटतं आभाळ आपल्याच डोक्यावर कोसळतंय.

कॉम्प्युटरनं रचलेलं संगीत आजचं नाही. १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी इलियाक नावाच्या यंत्राकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करवून घेतली होती. आपल्याकडे हार्मोनियमची कथा तर ठाऊकच असेल: मींड निघत नाही, सूर बांधलेले, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. खर्जसाहेबांचा वरचा आक्षेप आणि तो आक्षेप सख्खे भाऊ आहेत. (राग मानू नये.)

पण मला आठवतो तो अमेरिकेतला १९४२ चा संप. रेकॉर्ड वाजवून काम भागतं म्हणून प्रत्यक्ष वाजवणारे बेकार होत होते. वादकांच्या संघटनेनं ऑगस्टपासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला. मोठ्यांतल्या शेवटच्या दोन कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. मिळालं काय? रेकॉर्ड बंद झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या. विक्रीतला वाटा एका निधीत जाऊ लागला आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळालं. यंत्र राहिलं आणि यंत्राच्या कमाईत ज्याचा घाम होता त्याचा हिस्सा ठरला. आज त्या निधीचा पत्ता काय, एवढाच माझा प्रश्न.

काळा_कोट

@जुनी_तबकडी, पत्ता शोधणं चालू आहे. २०२५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या समितीच्या मसुद्यात साधारण हाच मार्ग सुचवला आहे: शिकवणीसाठी सरसकट परवाना, बदल्यात निर्मात्यांना मोबदला. मेख अशी की त्यात निर्मात्याला 'माझं वापरू नका' म्हणायची सोय नाही. पैसे घ्या आणि गप्प बसा. मला हे निम्मं पटतं.

अर्धमात्रा, तुमच्या तुकड्याबद्दल. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की नुसत्या सूचना टाइप केल्यानं हक्क मिळत नाही. माणसानं स्वतः केलेली निवड, मांडणी, फेरफार, तेवढ्यापुरताच हक्क. आपल्या कायद्यात १९९४ पासून वेगळी तरतूद आहे: कॉम्प्युटरनं निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. पण तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर असली यंत्रं नव्हती. म्हणजे तुमची सारंगी इथे कदाचित तुमची आणि बाहेर कदाचित बेवारस. मैत्रिणीला मात्र वाटतंय की तिच्याकडे पक्का माल आहे. उद्या कुणी तो तुकडा उचलून साबणाच्या जाहिरातीला लावला तर तिला अडवता येईलच असं नाही. नैतिकतेचं सोडा, ही तिची फसवणूक आहे आणि ती तुम्ही केली आहे, यंत्रानं नाही.

आवाजाच्या बाबतीत कोर्टं तुलनेनं ठाम आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर, एआयनं त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली.

मुक्काम_पोस्ट_मध्यम

आवाजाचं म्हणाल तर रेहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम'च्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं आणले. घरच्यांना विचारून, मोबदला देऊन. तरी लोक बोललेच.

आणि रँडी ट्रॅव्हिस? अमेरिकन कंट्री गायक. २०१३ मध्ये पक्षाघात झाला, गाणं गेलं. २०२४ मध्ये त्याच्याच जुन्या रेकॉर्डिंगांवरून त्याचा आवाज उभा करून नवं गाणं आलं, तो स्वतः स्टुडिओत बसून होता. याला वाईट म्हणणारा मला भेटायचाय.

खर्ज

दोन्हींत फरक आहेच. रँडी ट्रॅव्हिस नको म्हणू शकत होता. मेलेल्या गायकाच्या मुलाला बापाच्या सहीचा हक्क वारशानं मिळेल, पण बापानं हे गाणं गायलं असतं का, ते मुलगा कसं सांगणार? काही गायक पैशासाठीसुद्धा काही गाणी गायले नाहीत. त्यांचा तो नकार हाही त्यांच्या गाण्याचाच भाग होता.

साधा_श्रोता

मी पुन्हा आलो. वरचं सगळं वाचलं. व्हायोलिनवाल्यांचं वाचून पहिल्या प्रतिसादातलं 'झोप उडाली नव्हती' मागे घेतो. बाकीचं नाही.

पण जरा शोधाशोध केली आणि वेगळ्याच गोष्टीनं चक्रावलो. डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीनं २०२५ च्या नोव्हेंबरात सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी सुमारे ३४ टक्के, म्हणजे पन्नास हजारांवर, पूर्ण एआयची असतात. ऐकतं कोण? एकूण ऐकण्यात त्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि त्यातलंही बरंचसं 'ऐकणं' बॉटचं, म्हणजे आपोआप गाणी लावत राहणाऱ्या प्रोग्रॅमचं. यंत्रानं गायचं, यंत्रानं ऐकायचं, आणि रॉयल्टीच्या सामायिक गल्ल्यातून पैसे मात्र माणसांचे जायचे. अमेरिकेत २०२४ मध्ये एकावर असाच खटला भरला, लाखो बनावट गाणी आणि एक कोटी डॉलरच्या वर कमाई.

मी 'कानाला काय देणंघेणं' म्हणालो होतो. इथे तर कानच नाही!

कोडगा

@साधा_श्रोता, त्याच कंपनीच्या पाहणीत आठ देशांतल्या नऊ हजार लोकांना एआयची आणि माणसांची गाणी ऐकवली होती. ९७ टक्क्यांना फरक ओळखता आला नाही. त्यामुळे 'मला कळेल' हा भरवसा आपण कुणीच धरू नये. खर्ज यांनी यमनापुरता धरावा.

अवांतर: एड न्यूटन-रेक्स हा माणूस या क्षेत्रातला, स्टॅबिलिटी एआय या एआय कंपनीत ऑडिओ विभागात वरच्या पदावर होता. न विचारता शिकवणी करण्याला फेअर यूज म्हणणं पटेना म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात त्यानं नोकरी सोडली. मी सोडलेली नाही. घरी हप्ते आहेत. टोपणनावाबद्दल वर जे लिहिलं ते थोडं दुरुस्त करून वाचा.

अर्धमात्रा

सगळ्यांचे आभार. काळा_कोट यांचा प्रतिसाद वाचून रात्रीच मैत्रिणीला फोन केला.

आधी हसली. मग गप्प. मग विचारलं, "आणि त्या दिवशी मी रडले तेव्हा तू काहीच का बोलला नाहीस?" कुठलं साधन, हक्क कुणाचा, यातलं एक अक्षर विचारलं नाही. या धाग्यावर आपण इतकं लिहिलं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

तिनं माहितीपट एका महोत्सवाला पाठवायचा ठरवला होता. अर्जात संगीतकाराचं नाव आणि 'मूळ रचना आहे' यापुढे खूण करायची जागा आहे. अर्ज जाण्याआधी मला आठ दिवस मिळालेत. तो तुकडा काढून टाकला, स्वतः करतोय. चौदा_वर्षं_व्हायोलिन यांना निरोप पाठवलाय, वाजवणार असतील तर त्यांच्या नावासकट.

अडचण वेगळीच झालीय. कीबोर्डवर बसलो की हात त्याच जागेवर जातो. ती न टेकणारी उतरण कानातून निघतच नाही. टाळून रचतो तर प्रसंग पांगळा वाटतो. ठेवली तर मी यंत्राकडून उचलली, आणि यंत्रानं कुणाकडून?

चौदा_वर्षं_व्हायोलिन

वाजवतो. निरोपाला उत्तर दिलंय.

खर्ज

ती जागा इथे स्वरात लिहा बघू. एवढे कान आहेत धाग्यावर.

अर्धमात्रा

कोमल नि, प, तीव्र म, कोमल ग, कोमल रे. त्या रे वरच थांबते, अगदी हलक्या आंदोलनानं. सा येत नाही.

खर्ज

तोडी म्हणावी तर नि शुद्ध हवा. आणखी कुठल्या नेहमीच्या रागात बसवावं तेही सुचत नाही.

पण ही मी ऐकली आहे. सारंगीवर नाही, कुणी तरी गायलेली. फार जुनं, खरखरीचं रेकॉर्डिंग होतं. आठवलं की लिहितो.